चौतीस बंदरांची बोट

१८९० च्या सुमारास नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमहून उत्तरेच्या हामरफेस्टला टाकलेले पत्र उन्हाळ्यात तीन आठवड्यांनी पोचायचे. हिवाळ्यात टाकले, तर पाच महिने धरून चालावे लागे. उत्तरेकडच्या माणसाला राजधानीतली बातमी कळेपर्यंत ती शिळी झालेली असायची.

पत्र अडायचे ते अंधारापायी. ट्रॉन्डहाइमच्या वर सगळा किनारा बेटांनी आणि पाण्याखालच्या खडकांनी भरलेला. आर्क्टिक वृत्तापलीकडे ऐन हिवाळ्यात सूर्य क्षितिजावर येतच नाही. एवढ्या मोठ्या टापूत तेव्हा दीपस्तंभ होते अवघे २८ आणि सागरी नकाशे दोन. जहाजे उजेडात चालत आणि रात्री नांगर टाकत. जिथे दिवसच उगवत नाही तिथे हिवाळाभर नांगर उचलायचा कसा?

सरकारचे जलवाहतूक सल्लागार आउगुस्त ग्रान यांनी वर्षभर, ठरल्या वेळी, रात्रंदिवस चालणाऱ्या जलद बोटीची योजना मांडली. बर्गन आणि ट्रॉन्डहाइमच्या दोन मोठ्या कंपन्यांनी नकारार्थी मान हलवली: हिवाळ्यातल्या अंधारात हे जमणे नाही. तयार झाले ते रिचर्ड विथ. वेस्टरोलेन बेटांवरच्या स्टोकमार्कनेस या लहानशा गावातून ते १८८१ पासून आपली छोटी बोट कंपनी चालवत होते. त्यांच्या होकाराला आधार होता एका वहीचा. विथ आणि त्यांचे वाटाडे आन्डर्स होल्टे यांनी कित्येक फेऱ्यांत एकेक टप्पा नोंदवून ठेवला होता. या टोकापासून त्या खडकापर्यंत होकायंत्राची दिशा अमुक, बोटीचा वेग अमुक, लागणारी मिनिटे इतकी. मग वळण, आणि पुन्हा दिशा, वेग, मिनिटे. ही नोंद पक्की असेल, तर समोरचे काही दिसले नाही तरी होकायंत्र आणि घड्याळ यांच्या भरवशावर बोट हाकता येते, हे त्या दोघांनी ताडले होते.

१८ मे १८९३ रोजी सरकारशी करार झाला. २ जुलैच्या सकाळी साडेआठ वाजता ‘वेस्टरोलेन’ ही वाफेवरची बोट ट्रॉन्डहाइमच्या धक्क्यावरून सुटली आणि ६७ तासांनी, ५ जुलैच्या पहाटे, हामरफेस्टला लागली. नॉर्वेजियन भाषेत ‘जलद मार्ग’ असे साधे नाव असलेली हुर्टिग्रूटेन ही सेवा अशी सुरू झाली. जे पत्र पाच महिने रखडायचे ते आता आठवड्याभरात हाती पडू लागले. ज्या कंपन्यांनी मान हलवली होती त्याही थोड्याच काळात या मार्गावर आल्या. १८९८ पासून बोट दक्षिणेला बर्गनहून सुटू लागली. पुढे उत्तरेचे टोक सरकत सरकत रशियाच्या सीमेवरच्या शिर्केनेसपर्यंत गेले.

आज बर्गन ते शिर्केनेस आणि परत असा हा प्रवास बारा दिवसांचा आहे. अंतर सुमारे २,५०० सागरी मैल, म्हणजे साडेचार हजार किलोमीटरच्या वर, आणि थांबे चौतीस बंदरांचे. जगातल्या सर्वांत देखण्या सागरी सफरींत याची गणना होते आणि त्यासाठी लोक पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाहून येतात. पण ही बोट सहलीसाठी निघालेली नाही. ती टपाल, पीठ, मासळी आणि माणसे पोचवायला निघाली आणि आजही माल आणि माणसे पोचवतेच आहे. किनारा पाहायचा असेल, तर त्या किनाऱ्याला जिची गरज आहे अशाच बोटीतून तो पाहावा, असे मला ठामपणे वाटते. हा लेख त्यासाठीच.

मासळीवर उभे राहिलेले शहर

बर्गनच्या बंदराला लागून लाकडी घरांची एक रांग आहे: तिरक्या छपरांची, लाल, पिवळ्या, पांढऱ्या रंगांची, एकमेकींना खेटून उभी. तिला ब्रिगेन म्हणतात. उत्तर जर्मनीतल्या व्यापारी शहरांच्या हान्सा संघाने १३६० च्या सुमारास इथे आपली पेढी थाटली आणि ती जवळजवळ चारशे वर्षे, १७५४ पर्यंत, चालली. उत्तरेकडून सुकवलेला कॉड मासा इथे यायचा, बाल्टिककडून धान्य यायचे, आणि दोन्हींची अदलाबदल या लाकडी वखारींत व्हायची. उत्तरेच्या कोळ्याला भाकरी मिळे ती या सौद्यातून.

दर्शनी रांगेतून आत शिरले की अरुंद बोळ लागतात. दोन्ही अंगांना लाकडी सज्जे, वर माल ओढायचे रहाट, पायाखाली फळ्या. व्यापाऱ्यांचे कारकून आणि उमेदवार पोरे इथेच राहत. त्यांना इथल्या मुलींशी लग्न करायला बंदी होती. आगीच्या भीतीने वखारींत चूल किंवा शेगडी पेटवायलाही मनाई होती. ऊब हवी असेल, गरम जेवण हवे असेल, तर मागच्या बाजूच्या वेगळ्या सभाघरांत जायचे. एवढी काळजी घेऊनही १७०२ मध्ये सगळी वस्ती जळाली. ती पुन्हा बांधताना जुनाच आराखडा, जुनीच पद्धत पाळली गेली. १९५५ मध्ये पुन्हा एक भाग जळाला. त्या राखेखाली उत्खनन झाले तेव्हा लाकडाच्या ढलप्यांवर कोरलेले शेकडो रूनलिपीतले मजकूर सापडले. मालकीच्या चिठ्ठ्या, हिशेब, प्रेमाचे निरोप असा मध्ययुगीन बंदरातला रोजचा व्यवहार त्यांतून वर आला. १९७९ मध्ये युनेस्कोने ब्रिगेनला जागतिक वारशात घेतले.

या शहरातून उत्तरेला निघताना एक गोष्ट मनात ठेवावी. बर्गनचे वैभव उत्तरेच्या मासळीतून आलेले आहे. पुढच्या सहा दिवसांत बोट त्या मासळीच्या मुळाकडे जात असते.

हिमनद्यांनी खोदलेला किनारा

नॉर्वेची मुख्य भूमी नकाशावर लांबट दिसते. तिच्या किनाऱ्याचे सगळे आत-बाहेर मोजले तर सुमारे २९ हजार किलोमीटर भरतात आणि बेटे धरली तर एक लाखाच्या वर. हे वेडेवाकडेपण हिमनद्यांनी घडवले. हिमयुगांत बर्फाचे प्रचंड लोंढे डोंगर खरवडत समुद्राकडे सरकले. बर्फ वितळल्यावर त्या खोल दऱ्यांत समुद्र शिरला. त्या दऱ्या म्हणजे फ्योर्ड. आपल्या खाड्या नदीच्या मुखाशी असतात आणि उथळ असतात. फ्योर्डची गोष्ट वेगळी: सोग्नेफ्योर्ड जमिनीत दोनशे किलोमीटर घुसला आहे आणि त्याची खोली १,३०० मीटर आहे. हिमनदीने वाहून आणलेला राडा तोंडाशी साचल्याने मुखाशी पाणी पुष्कळदा कमी आणि आत अथांग, असा उलटा प्रकार असतो.

उन्हाळ्यात बोट गाइरांगरफ्योर्डमध्ये वळते. दोन्ही बाजूंना सरळसोट कडे, त्यांवरून कोसळणारे ‘सात बहिणीं’चे धबधबे, आणि शेकडो फूट उंचीवर, पाय ठेवायला जागा दिसत नाही अशा ठिकाणी, सोडून दिलेली शेतघरे. तिथे माणसे पिढ्यानपिढ्या राहिली. शेळ्या पाळल्या, गवत कापले. लहान मुले कड्यावरून पडू नयेत म्हणून त्यांना दोरीने बांधून ठेवत, असे सांगतात.

हे सौंदर्य निर्धास्त नाही. जवळच्या टाफ्योर्डमध्ये ७ एप्रिल १९३४ च्या रात्री डोंगराचा कडा पाण्यात कोसळला आणि उठलेल्या लाटांनी ४० माणसे नेली. गाइरांगरजवळच्या ओकर्नेस डोंगराला भेग पडलेली आहे. ती रुंदावते आहे आणि तिच्यावर रात्रंदिवस यंत्रांची नजर आहे. डोंगर सुटला तर खालच्या गावांना वेळीच हलवता यावे, यासाठी ही सारी यंत्रणा.

वाटेतले ओलेसुंड हे आगीने दिलेले शहर आहे. २३ जानेवारी १९०४ च्या रात्री वादळी वाऱ्यात आग लागली आणि लाकडी घरांचे शहर सकाळपर्यंत राख झाले. जवळजवळ दहा हजार लोक ऐन थंडीत उघड्यावर आले. जीव मात्र एकच गेला. पुढच्या तीन वर्षांत तरुण नॉर्वेजियन वास्तुकारांनी दगड-विटांत शहर नव्याने उभारले, त्या काळी युरोपात नव्या असलेल्या आर नूव्हो शैलीत. मनोरे, वेलबुट्ट्या, ड्रॅगनची तोंडे, माशांच्या आकृत्या. एकाच काळात, एकाच शैलीत बांधलेले असे बंदर युरोपात विरळाच.

कड्यांच्या किनाऱ्यावरून पुढे गेले की ट्रॉन्डहाइम लागते. परंपरेप्रमाणे हे शहर इ.स. ९९७ मध्ये राजा ओलाव त्रिग्वासन याने वसवले. १०३० मध्ये स्टिक्लेस्टाडच्या लढाईत पडलेला दुसरा राजा ओलाव लवकरच संत मानला गेला आणि त्याच्या कबरीवर निदारोसचे कॅथेड्रल उभे राहिले. १०७० च्या सुमारास सुरू झालेले बांधकाम १३०० पर्यंत चालले. मध्ययुगात उत्तर युरोपातले यात्रेकरू आठवडेच्या आठवडे चालत इथे येत. अनेक आगी आणि मोडतोड सोसल्यावर १८६९ मध्ये जीर्णोद्धार सुरू झाला, तो एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत पुरला. पश्चिमेच्या दर्शनी भिंतीवर संत आणि राजांच्या पुतळ्यांच्या रांगा आहेत. त्या घडवणाऱ्या पाथरवटांच्या किती पिढ्या याच कामावर म्हाताऱ्या झाल्या, हा विचार तिथे उभे असताना मनातून जात नाही.

कॉडचा हंगाम

आर्क्टिक वृत्त ओलांडल्यावर आणि बोडो बंदर मागे टाकल्यावर संध्याकाळी क्षितिजावर एक काळी भिंत दिसू लागते. ही लोफोटेनची बेटे. जवळ जाताना भिंतीला सुळके फुटतात आणि पायथ्याशी लाल रंगाची कोळ्यांची घरे दिसू लागतात.

दर हिवाळ्यात बॅरेन्ट्स समुद्रातला कॉड अंडी घालायला इथे उतरतो. याला स्क्राय म्हणतात. जानेवारी ते एप्रिल हा मासेमारीचा मोठा हंगाम. अटलांटिकचा उबदार प्रवाह किनारा गोठू देत नाही, म्हणून इतक्या उत्तरेलाही बोटी पाण्यावर राहतात. आलेला मासा साफ करून, दोन-दोन शेपट्यांशी बांधून, लाकडी मांडवांवर टांगतात. मीठ लावत नाहीत. वसईला किंवा वेसाव्याला बांबूंवर बोंबील सुकताना पाहिलेल्या माणसाला हे दृश्य लगेच ओळखीचे वाटेल. फरक इतकाच की बोंबील उन्हात वाळतो आणि हा कॉड थंड वाऱ्यात. फेब्रुवारी ते मे हा सुकण्याचा काळ. तापमान शून्याच्या आसपास रेंगाळते. फार थंडी पडली तर मांस फुटते, उकाडा झाला तर माशा बसतात. लोफोटेनची हवा नेमकी या दोन्हींच्या मधली. सुकल्यावर माशाचे वजन पाचव्या हिश्शावर येते आणि तो लाकडासारखा वाजतो. असा मासा वर्षानुवर्षे टिकतो.

मग येतो प्रतवारी करणारा. तो एकेक मासा हातात घेतो, उजेडात धरतो, पोटाच्या फटीत नाक घालून वास घेतो, पाठीवरून अंगठा फिरवतो आणि ढिगात टाकतो. प्रती वीसच्या आसपास आहेत. लांब, सडपातळ, डाग नसलेला मासा इटलीला. जाड, थोडा खरचटलेला दुसरीकडे. वाळवलेली डोकी बहुतांशी नायजेरियाला, तिथल्या रश्शांसाठी. एका माशावर त्याची नजर काही सेकंदच ठरते, पण ही नजर तयार व्हायला वर्षे जातात.

डोकी कापायच्या शेडमध्ये मुले काम करताना दिसतात. कॉडच्या जिभा काढणे हे इथल्या मुलांचे पूर्वापार हक्काचे काम आहे. समोर उभा खिळा. त्यावर माशाचे डोके टोचायचे, सुरी फिरवायची, जीभ हातात, डोके बाजूला. शाळा सुटली की मुले रबरी एप्रन चढवून उभी राहतात आणि हंगामात चांगली कमाई करतात. तळलेल्या जिभा इथे आवडीने खातात.

या माशाची एक जुनी कथा आहे आणि ती खरी आहे. १४३१ मध्ये व्हेनिसचा उमराव पिएत्रो क्वेरिनी क्रीटहून दारूची पिंपे भरून फ्लँडर्सकडे निघाला. वादळात जहाज भरकटले, सुकाणू गेले, माणसे मेली. उरलेले मोजके लोक जानेवारी १४३२ मध्ये लोफोटेनच्या टोकाला, रॉस्टजवळच्या एका निर्जन बेटावर येऊन पडले. रॉस्टच्या कोळ्यांनी त्यांना शोधून घरी नेले आणि वसंतापर्यंत सांभाळले. क्वेरिनीने लिहिलेल्या वृत्तान्तात त्या साध्या, उदार माणसांचे आणि वाऱ्यात वाळवून, मग कुटून, लोणी-मसाला घालून खायच्या माशाचे वर्णन आहे. व्हेनिस परगण्यात, विशेषतः व्हिचेन्झामध्ये, सुका कॉड आजही मानाचे पक्वान्न आहे.

रात्री अडीच वाजताचे बंदर

या सफरीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग कोणत्याही माहितीपुस्तकाच्या मुखपृष्ठावर नसतो. तो म्हणजे लहान बंदरातला पंधरा मिनिटांचा थांबा.

इंजिनाची घरघर बदलते. जहाज आडवे सरकत धक्क्याला लागते. खलाशी हलकी दोरी भिरकावतो. तिच्या मागोमाग मनगटाएवढा जाड दोरखंड जातो आणि धक्क्यावरचा एकुलता एक माणूस तो लोखंडी खुंटाला अडकवतो. जहाजाच्या कुशीतला दरवाजा उघडतो, पूल खाली येतो आणि फोर्कलिफ्टची ये-जा सुरू होते. दुकानाचा माल, यंत्रांचे सुटे भाग, औषधांची खोकी बाहेर. बर्फात भरलेली मासळी आत. एखादी शाळकरी टीम सामना खेळून परत चाललेली असते. एखाद्या आजी शहरातल्या दवाखान्याची चिठ्ठी पर्समध्ये ठेवून चढतात. त्यांच्याकडे केबिनचे तिकीट नसते, पुढच्या एक-दोन बंदरांपुरतेच असते. दरवाजा मिटतो, भोंगा वाजतो आणि बोट अंधारात निघते. जाताना जी बंदरे रात्री लागतात ती परतीच्या वाटेवर दिवसा लागतील असे वेळापत्रक बेतलेले आहे, म्हणून ऐन हिवाळा सोडला, तर पूर्ण फेरी केलेल्याला सगळा किनारा उजेडात दिसतो.

वेस्टरोलेनमध्ये बोट रिसॉयरेन्ना नावाच्या कालव्यातून जाते. दोन बेटांमधला हा उथळ भाग खोदून काढावा यासाठी रिचर्ड विथ यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. १९२२ मध्ये तो राजा हाकोन यांच्या उपस्थितीत खुला झाला. खुणेच्या खांबांमधून मोठी बोट इतक्या जपून जाते की डेकवरचे लोक आपोआप गप्प होतात. स्टोकमार्कनेसला या सेवेचे संग्रहालय आहे. १९५६ ची ‘फिन्मार्केन’ ही अख्खी बोट तिथे किनाऱ्यावर ओढून ठेवलेली आहे आणि ऊन-पावसाने ती झिजू लागली म्हणून २०२१ मध्ये तिच्याभोवती काचेची इमारत उभारली. आपल्या बोटीचे एवढे जतन करणाऱ्या गावाची लोकसंख्या काही हजारांतच आहे.

जून २०११ मध्ये नॉर्वेच्या सरकारी दूरदर्शनने बर्गन ते शिर्केनेस हा प्रवास न कापता, न थांबता, सलग १३४ तास प्रक्षेपित केला. पन्नास लाखांच्या देशात तीस लाखांहून अधिक लोकांनी तो थोडाफार तरी पाहिला. बोट येणार म्हणून माणसे झेंडे घेऊन कड्यांवर उभी राहिली, होड्या घेऊन सोबत निघाली. काही घडत नव्हते. एक बोट आपल्या बंदरांना लागत होती. देशाने तिच्यात आपला किनारा पाहिला.

जळून पुन्हा उभी राहिलेली गावे

ट्रोम्सो हे उत्तरेतले मोठे शहर. ध्रुवीय मोहिमांचे हे निघायचे बंदर. ध्रुवसंशोधक अमुन्सेन यांच्या अखेरच्या उड्डाणाची सुरुवातही इथूनच झाली. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत इथे सूर्य दिसत नाही आणि मेच्या उत्तरार्धापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत तो मावळत नाही. हा सगळा मुलूख सामी लोकांचाही आहे. रेनडिअर पाळणाऱ्या, मासेमारी करणाऱ्या या आदिवासी समाजाची भाषा आणि श्रद्धा मोडून काढायचे धोरण नॉर्वेच्या राज्यसत्तेने कैक दशके राबवले. १९८९ मध्ये सामींची स्वतःची संसद सुरू झाली. २०२४ मध्ये नॉर्वेच्या संसदेने त्या धोरणाबद्दल माफी मागितली. किनाऱ्याचे सौंदर्य पाहताना हा हिशेबही पाहायला हवा.

हामरफेस्टला धक्क्यापासून थोड्या अंतरावर ग्रॅनाइटचा खांब आहे, त्यावर पृथ्वीचा गोल. १८१६ ते १८५५ या काळात पृथ्वीचा नेमका आकार काढण्यासाठी काळ्या समुद्रापासून इथपर्यंत २,८२० किलोमीटरची त्रिकोणांची साखळी मोजली गेली. खगोलशास्त्रज्ञ स्त्रूवे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या चापाचे हे उत्तर टोक. याच काळात सर्वेक्षक लॅम्ब्टन आणि एव्हरेस्ट यांचे लोक आपल्याकडे कन्याकुमारीपासून हिमालयाकडे असाच चाप मोजत होते.

पण हामरफेस्टमध्ये जुने घर शोधायला जाऊ नये. १९४४ च्या शरदात लाल सेना पुढे सरकू लागली तेव्हा माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने फिन्मार्क प्रांत पद्धतशीर जाळला. माणसे हुसकली, घरे, धक्के, दिव्यांचे खांब, काही ठेवले नाही. हामरफेस्टमध्ये स्मशानातले छोटे चॅपल उरले. होनिंग्सवोगमध्ये १८८५ चे चर्च उरले; परत आलेल्या लोकांनी आधी तिथेच आसरा घेतला. शिर्केनेसवर युद्धात तीनशेहून अधिक हवाई हल्ले झाले. जवळच्या ब्योर्नेवात्न खाणीच्या बोगद्यात अडीच-तीन हजार माणसे आठवडेच्या आठवडे राहिली आणि त्या काळोखात दहा बाळे जन्मली. बोटींनीही किंमत मोजली. ३० सप्टेंबर १९४३ रोजी स्टाड भूशिराजवळ ‘सांक्त स्वितून’ या किनारी बोटीवर दोस्तांच्या विमानांचा हल्ला झाला. पेटलेली बोट खडकांकडे वळवली गेली आणि तिथल्या लहानशा वस्तीतल्या लोकांनी वादळी समुद्रातून दोरांच्या आणि होड्यांच्या आधाराने अनेकांना ओढून काढले. त्याच एर्विक वस्तीच्या किनाऱ्यावर या दुर्घटनेच्या स्मृतीचे चॅपल आहे.

होनिंग्सवोगहून लोक नॉर्थ केपला जातात. ७१ अंश १० मिनिटांवरचा, ३०७ मीटर उंचीचा हा सपाट माथ्याचा कडा. १९०७ मध्ये सयामचे राजे चुलालाँगकॉर्न इथे आले आणि त्यांनी दगडावर आपले नाव कोरवून घेतले. पण मला थांबावेसे वाटते ते पुढच्या वार्डोला. सतराव्या शतकात या प्रांतात चेटकीण ठरवून ९१ जणांचा जीव घेतला गेला. त्यांत बहुसंख्य बायका होत्या. २०११ मध्ये समुद्राकाठी त्यांचे स्मारक उभे राहिले. पीटर झुम्टोर यांनी बांधलेल्या लांबलचक, अंधाऱ्या दालनात प्रत्येक बळीसाठी एक खिडकी आणि एक दिवा आहे, आणि शेजारी त्या माणसाच्या खटल्याचा मजकूर. बाजूच्या काचघरात लुईझ बूर्ज्वा यांनी घडवलेली खुर्ची आहे, तिच्यातून ज्वाळा निघत असतात. आपल्या किनाऱ्याने केलेला अन्याय नावानिशी मांडून ठेवणे, हेही संस्कृतीचेच काम.

कोणाची बोट?

आज जगातले सर्वांत मोठे क्रूझ जहाज सुमारे अडीच लाख टनांचे आहे आणि त्यात सात हजारांहून अधिक प्रवासी मावतात. नॉर्वेची किनारी बोट बहुतांशी अकरा ते सोळा हजार टनांची असते आणि प्रवासी पाच-सहाशे. फरक केवळ आकाराचा असता तर चर्चा करायचे कारण नव्हते. मोठ्या जहाजातले लोक सकाळी हजारोंनी उतरतात, चार तास गल्ल्या भरून टाकतात आणि जेवायला जहाजावर परततात. २०२१ मध्ये इटलीने व्हेनिसच्या मध्यवर्ती कालव्यांत मोठ्या जहाजांना बंदी केली. बर्गनने एका दिवसात तीन क्रूझ जहाजे आणि आठ हजार प्रवासी अशी मर्यादा घातली. पाहुण्यांना नको म्हणायची पाळी बंदरावर का यावी? कारण त्या जहाजाकडे त्या बंदराला देण्यासारखे काही नसते. पीठ आणायचे नसते, मासळी न्यायची नसते.

किनारी बोटीलाही धुराचा प्रश्न आहेच. नॉर्वेच्या संसदेने २०१८ मध्ये जागतिक वारशातले फ्योर्ड धूरमुक्त करण्याचा ठराव केला. २०२६ पासून दहा हजार टनांखालच्या प्रवासी जहाजांना आणि २०३२ पासून मोठ्यांनाही तिथे शून्य उत्सर्जनाचा नियम लागू होतो. २०२१ पासून हा मार्ग दोन कंपन्यांत वाटलेला आहे: हुर्टिग्रूटेनची सात जहाजे, हाविलाची चार. हाविलाच्या जहाजांत ६.१ मेगावॉट-तासांच्या बॅटऱ्या आहेत, त्यांवर ती चार तासांपर्यंत इंजिनाविना चालू शकतात. गाइरांगरमध्ये अशी बोट शिरते तेव्हा धबधब्यांचा आवाज डेकवर स्पष्ट ऐकू येतो.

हे वाचताना साठी ओलांडलेल्या कोकणी माणसाला आपली बोट आठवल्यावाचून राहणार नाही. भाऊच्या धक्क्यावरून सुटून हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले करत पणजीला जाणारी. आंब्याच्या पेट्या, गणपतीला निघालेले चाकरमानी, बोट लागून आडवे झालेले नवखे, आणि अनेक बंदरांत धक्काच नसल्याने भर समुद्रात पडावात उतरणे. १७ जुलै १९४७ ला रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली; ती जखम अजून कोकणच्या आठवणीत आहे. पुढे एसटी गावोगाव पोचली, रस्ते झाले, ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ या बोटी थांबल्या, आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण धावू लागल्यावर तर बोटीची आठवणच उरली. नॉर्वेतही रस्ते झाले, बोगदे झाले, गावोगाव विमानतळ झाले. तरी बोट राहिली, कारण तिच्याकडे नफ्या-तोट्याच्या पलीकडची गरज म्हणून पाहिले गेले आणि सरकारने करार करून तिचा खर्च उचलला. बर्लेवोगसारख्या उघड्या किनाऱ्यावरच्या गावात वादळे बंधारा फोडत असत. तिथेही पूर्वी प्रवाशांना छोट्या होडीतून बोटीपर्यंत न्यावे लागे. मग मरीन ड्राइव्हच्या कडेला दिसतात तसे चौपायी काँक्रीटचे टेट्रापॉड टाकून १९७० च्या दशकात बंदर सुरक्षित केले, तेव्हा बोट धक्क्याला लागू लागली. हजारभर वस्तीच्या गावासाठी एवढा खटाटोप करणाऱ्या देशाविषयी मला मनापासून आदर वाटतो.

आपल्याकडे आज कोकणच्या समुद्रात क्रूझ आणायच्या घोषणा होतात. क्रूझ जरूर याव्यात. पण मुंबईहून सुटून थेट गोव्याला लागणाऱ्या जहाजाला जयगड किंवा देवगड लांबून दिसणारे दिवे एवढेच राहतील. ज्या दिवशी देवगडचा बागायतदार आपल्या पेट्या आणि मालवणची आजारी आजी आपली पिशवी घेऊन त्याच बोटीत चढेल, त्या दिवशी पाहुण्यालाही तिच्यातून खरे कोकण दिसेल. नॉर्वेतला करार २०३० पर्यंतचा आहे. त्यानंतर बोट हवी का, किती बंदरांना हवी, खर्च कोणी उचलायचा, यावर तिथे पुन्हा वाद होतील आणि ते व्हायलाच हवेत. १८९३ मध्येही हाच वाद होता आणि तेव्हा एका लहान गावातल्या माणसाने अंधारातली वाट आधी मोजून ठेवलेली होती. आपल्याला तर किनारा ठाऊक आहे, बंदरे ठाऊक आहेत, बोटीत बसलेली माणसे अजून हयात आहेत. आता प्रश्न फक्त ठरवण्याचा आहे.